आत्याबाईंनी घासलेला आरसा

आमच्या ह्यांना दुर्बिणीचं वेड लागलं ते त्यांच्या आईमुळं, पण ही गोष्ट त्या माउलीनं शेवटपर्यंत कबूल केली नाही. "माझ्यामुळं कशापायी गं? त्याचं डोस्कं मुळातच तसलं," असं म्हणून माझ्याकडं बघायच्या, जसं काही असला नवरा मीच माहेराहून बरोबर आणला होता.

तेव्हा आम्ही सोलापुरात भवानी पेठेत राहायचो. एकोणीसशे तिसाच्या आगेमागेचे दिवस. दिवसभर शेजारी मागांचा खडखडाट, गिरणीचा भोंगा झाला की रस्त्यावर माणसांचा लोंढा, आणि घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि सासूबाई. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात, म्हणून मीही आत्याबाईच म्हणायची. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेले होते. हे हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. मी केम गावची, शेतकऱ्याची लेक, तोंडानं फटकळ. अजूनही तशीच आहे, वय झालं म्हणून काही फरक पडला नाही.

आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आभाळ पाठ होतं. उन्हाळ्यात आम्ही माळवदावर झोपायचो. अंथरुणं घातली की त्या पडल्या पडल्या बोट करून सांगायच्या, हा मृग, ह्या कृत्तिका, ती सप्तर्षींची बाज आणि तिचे तीन चोर. ह्यांना लहानपणी त्यांनीच असं सगळं दाखवलं होतं. आणि एक गोष्ट त्या नेहमी सांगायच्या, ती मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी दहा वेळा ऐकली असेल. परकरी पोर असताना त्यांना आभाळात एक डाग दिसायचा. उत्तरेच्या अंगाला, चार ताऱ्यांचा मोठा चौकोन आहे त्याच्या पुढं. तारा नव्हे, पांढुरका डाग. भावांना दाखवला तर भाऊ हसले. म्हणाले, हिच्या डोळ्यात फूल पडलंय. आईनं घाबरून चार दिवस डोळ्यांत मध घातला. तेव्हापासून त्यांनी डागाचं नाव काढणं सोडलं. बघायच्या रोज, पण गप्प बसायच्या.

हे कॉलेजात शिकायला गेले तेव्हा त्यांना पुस्तकात कळलं की डाग खरा आहे. देवयानी नावाच्या ताऱ्यांपाशी तो एक तेजाचा ढग आहे, आणि ढग म्हणजे सुद्धा ताऱ्यांचाच थवा, इतका लांब की तिथला उजेड आपल्याकडं यायला लाखो वर्षं लागतात. सुट्टीला घरी आल्या आल्या पिशवी खाली न ठेवता ह्यांनी आईला सांगितलं, "आई, तुझा डाग खरा आहे!" तर आत्याबाई म्हणाल्या, "जवळनं बघितल्याबिगर मी न्हाई मानायची. माझ्या डोळ्यांचं काय खरं हाय?" चार दिवसांच्या मधानं केलेलं काम असं जन्माला पुरलं होतं.

शाळेत एक छोटी पितळी दुर्बीण होती. तिच्यातनं चंद्र छान दिसायचा, पण डाग तसाच पुसट दिसायचा, डागासारखाच. "मोठी केली पाहिजे," हे म्हणायचे. म्हणायचे आणि सोडून द्यायचे. वर्षं गेली असती अशी.

मग एका थंडीत आत्याबाई माळवदावर तुळशीपाशी उभ्या होत्या. वर बघून म्हणाल्या, "कृत्तिकांवर ढग आलाय वाटतं."

आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ह्यांच्याकडं.

डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. उजवा पुढं गेलेला, डाव्यात अजून थोडं आहे. तेव्हा मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नसत. "पिकू द्या, मग बघू," म्हणाले. म्हणजे आधी पुरतं आंधळं व्हायचं आणि मग दैवाच्या हवाली करायचं. सांगूनच टाकते, पुढं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं, आणि दृष्टी आली नाही ती नाहीच.

पण आत्याबाईंचं खरं दुखणं वेगळंच होतं. त्यांनी आम्हाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं. काहीही दाखवा, "हो हो, दिसतंय की!" शेजारची तेलुगू विणकरीण नवं लुगडं नेसून आली की हात लावून म्हणायच्या, "लई ग्वाड रंग हाय." तांदूळ बोटांनी चाचपून निवडायच्या आणि मान अशी खाली घालून बसायच्या, जणू डोळ्यांनीच निवडतायत. एकदा ह्यांनी पुस्तकातलं शेपटीच्या ताऱ्याचं चित्र दाखवलं. "चंद्र ना? गोल हाय छान," म्हणाल्या. हे पुस्तक मिटून बाहेर गेले, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला पत्र टाकलं. मोठी दुर्बीण करायची, आणि आईचे डोळे आहेत तोवर करायची. एवढंच तेव्हापासून त्यांच्या डोक्यात.

मुंबईच्या जुन्या बाजारातनं जहाजाच्या खिडकीची जाड काच आली, जेवायच्या ताटाएवढी गोल. मोठ्या दुर्बिणीत भिंग नसतं, आरसा असतो, आणि तो आरसा काच घासून घासून मधे किंचित खोलगट करावा लागतो. हे सगळं मला ह्यांनी सांगितलं. कसं करायचं ते मात्र माझ्याच मागच्या खोलीत करून दाखवलं. दगडांनी भरलेलं एक पिंप खोलीच्या मधोमध ठेवलं. त्यावर एक काच पक्की बसवली, वर दुसरी, दोन्हींच्या मधे पाणी आणि धार लावायच्या दगडाची पूड. आणि शाळेतनं आले की हे पिंपाभोवती फिरत वरची काच पुढं-मागं, पुढं-मागं. आत्याबाई बाहेरनं विचारायच्या, "आज किती प्रदक्षिणा झाल्या रं? पावला का देव?"

मेली ती पूड घरभर झाली. भाकरीत कचकच, भाजीत कचकच. मी तणतण केली, भांडी आपटली, माहेरी जाते म्हणाले. मग एके दिवशी ह्यांचा खांदा धरला, तर मीच पदर खोचला आणि पिंपाभोवती फिरायला लागले. लहानपणापासून जात्यावर बसलेली मी, मला कसला खांदा धरतोय? चार घास त्यांचे, चार माझे, असं करत पावसाळ्याच्या अखेरीला काच तयार झाली. दिवा, पत्र्याला पाडलेलं भोक आणि दाढीचं पातं एवढ्यावर हे तिचा बाक तपासायचे आणि लहान पोरासारखे हसायचे. सुतारानं सागवानी नळी केली, माणसाच्या उंचीहून लांब. ती ठेवायला मागाचे जुने लाकडी तुकडे जोडून घोडा केला.

उरली चांदी. घरातल्या आरशाला मुलामा पाठीमागून असतो, वर काच असते, पुसा किती पुसायचा तेवढा. दुर्बिणीच्या आरशाला चांदी पुढून असते, उघडी, आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. चांदीचा क्षार मुंबईच्या औषधवाल्याकडनं मागवला. तो यायला इतके दिवस लागले की पार्सल कुठं हरवलं म्हणून आम्ही पोस्टात खेपा घातल्या. आला एकदाचा. घटस्थापनेच्या आधी ह्यांनी काचेवर चांदी चढवली. मी वाकून बघितलं तर माझंच तोंड, पण केवढं! नाकाचा डोंगर झालेला. आत्याबाईंना हसू आवरेना, कारण मी किंचाळले होते.

आता फक्त चांदणं जायची वाट बघायची होती. तो पुसट ढग चांदण्यात दिसत नाही. दसरा, कोजागिरी झाली की वद्यात संध्याकाळी आभाळ काळंभोर होतं, आणि देवयानी तेव्हा दिवेलागणीलाच चांगली वर आलेली असते. शहराबाहेर अक्कलकोट रस्त्याच्या माळावर जायचं, गिरण्यांच्या धुरापासून लांब. सगळं ठरलं होतं.

आणि मग आली खंडेनवमी.

त्या दिवशी घरातली हत्यारं-अवजारं पुजतात. शेतकऱ्याचा कोयता-विळा, विणकराचा माग, ज्याचं त्याचं जे काही पोटापाण्याचं असेल ते. हे सकाळी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले. मी पुरणाला डाळ घातली होती. आत्याबाई पहाटेपासून सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडत होत्या. विळी, खलबत्ता, ह्यांचा दौत-टाक. आणि त्यांच्या मनात आलं, आपल्या लेकाचं खरं अवजार तर तो आरसा. दहा-बारा दिवसांत गिरणीच्या धुरानं त्याच्यावर पिवळट झाक आली होती, ती त्यांच्या मंद डोळ्यांनाही मळकट लागली. चांदीच आहे हे त्यांना माहीत होतं. आणि चांदी कशी घासायची हे काय त्यांना कुणी शिकवायचं? उभा जन्म देवाची भांडी घासण्यात गेलेला. चिंच आणि वस्त्रगाळ राख.

हे फुलं घेऊन आले तेव्हा पाटावर मधोमध काच होती. नुसती काच. खालच्या पाटावरची रांगोळी आरपार दिसत होती.

"बघ रं, कसा लख्ख केला," आत्याबाई म्हणाल्या. "केवढा मळ होता! काळं काळं पाणी निघत होतं, थांबंचना."

ते काळं पाणी म्हणजे आमची सगळी चांदी होती. मोरीतनं वाहून गेलेली.

मी तोंड उघडणार तेवढ्यात ह्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मग खाली बसले, काचेला हळदीकुंकू लावलं, मधे झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाले, "छान केलंस आई. बाजारातल्यापेक्षा छान." आवाज जरासुद्धा हलला नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि पुरण असं वाटलं, असं वाटलं की पाट्याचा चुरा व्हायचा राहिला. राग कुणाचा यावा तेच कळेना. त्यांचा तर येऊच शकत नव्हता.

आईला सांगायचं नाही, असं ह्यांनी मला बजावलं. मुंबईहून पुन्हा मागवायचं तर दिवाळी उलटून गेली असती, आणि त्यांचा डावा डोळा दिवसादिवसाला मंदावत होता. दिव्याच्या ज्योतीभोवती कडं दिसतं असं त्या बोलून गेल्या होत्या. आता तर सुईत दोरा ओवायलासुद्धा मला हाक मारायच्या, आणि "कंटाळा आला गं," असं कारण सांगायच्या. पुढच्या अंधाऱ्या पंधरवड्यापर्यंत काय उरेल, कोण सांगणार? हे म्हणाले, शाळेत तेजाब आहे, चांदी विरघळवून क्षार मीच करतो. मी माझ्या पायातल्या चांदीच्या तोरड्या काढून दिल्या. विरघळवल्या तर पाणी मोरपंखी निळं. निळं म्हणजे तांबं. तांबं काढून टाकल्यावर चांदी उरली ती आरशाच्या चतकोरालाही पुरेना. आमच्या सोनारानं माझ्या बापाला कसं गंडवलं होतं ते मला तेव्हा कळलं. दोन दिवस मी त्या सोनाराच्या नावानं बोटं मोडली.

कोजागिरी झाली. वद्य लागलं. संध्याकाळी आत्याबाई विचारायच्या, "आज जायाचं का?" आणि हे म्हणायचे, "आज ढग आहेत आई." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आजही ढगच." डोळ्यांनी आभाळ दिसत नसलेल्या बाईला ढग आहेत म्हणून सांगायचं! मला ऐकवत नव्हतं. मी उठून आत जायची.

चार-पाच दिवस असं झालं. मग एका संध्याकाळी ह्यांनी ढग म्हटल्याबरोबर आत्याबाईंनी अंगणातल्या फरशीवर पाय दाबून बघितला. "कुटं हायती ढग?" म्हणाल्या. "ढग असलं की उबारा ऱ्हातो. फरशी बघ कशी गार पडलीया. मी आंधळी व्हायला लागलीया रं, येडी न्हाई. काय झालंय ते सांग."

ह्यांनी सांगितलं. इलाजच नव्हता. किती हळू सांगितलं, किती सांभाळून, तरी शेवटी जे होतं तेच सांगितलं.

आत्याबाई खांबाला टेकून बसल्या. "म्हंजे मीच पुसलं," एवढंच म्हणाल्या. "माझ्यासाठी केलेलं मीच पुसलं." त्या रात्री जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन बसले, समजूत घातली, शेवटी ओरडले सुद्धा. नाही म्हणजे नाही.

सकाळी चहाच्या वेळी त्या देवघरातनं बाहेर आल्या आणि ह्यांच्यासमोर मूठ उघडली. आमच्याकडं घरातला कर्ता माणूस गेला की त्याचा चांदीचा टाक करतात. टाक म्हणजे बोटभर पत्रा, त्यावर माणसाची मूर्ती ठोकलेली, आणि तो देवांच्या शेजारी बसवतात. मुठीत सासऱ्यांचा टाक होता.

"हे घे. तुझं वडील."

"आई!"

"वरडू नगंस. चोख चांदी हाय, सोनारापुढं बसून करून घेतलाय मी. घासून घासून त्यांचं तोंड गेलंय, नाक-डोळं काय ऱ्हायलं न्हाई. झिजला, आता भीमेला नेऊन पाण्यात सोडू आणि नवा करू, हे तूच म्हणतोस ना? पाण्यातच सोडायचा ना? मग तुझ्या त्या औषधाच्या पाण्यात सोड."

"ते तेजाब असतं आई. आग असते ती नुसती."

"आगीतच दिलं होतंस की त्यांना," आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्याच हातानं दिलंस."

मला तर रडूच फुटलं, आणि मी चहाचं आधण उतू गेल्याचं निमित्त करून आत पळाले. आत बसून मी ऐकत होते. मग ह्यांचा आवाज आला, "लोक काय म्हणतील?" आणि आत्याबाईंचा, "लोकांच्या देवघरातला दिलाय का?"

रविवारी पहाटे हवा गार असताना मागच्या अंगणात ते काम केलं. ऊन तापलं की चांदी नीट धरत नाही. ह्यांनी टाकाला नमस्कार केला आणि काचेच्या भांड्यात सोडला. पिवळा-तांबडा धूर निघाला. आम्ही दोघी पदर नाकाला लावून लांब उभ्या राहिलो. धूर संपला तेव्हा भांड्यात पाणी होतं, विहिरीच्या पाण्यासारखं स्वच्छ, निळ्याचा मागमूस नाही. सासऱ्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून असेल, पण मला त्या पाण्याकडं बघून हात जोडावेसे वाटले आणि मी जोडले.

मग धरून ठेवलेलं पावसाचं पाणी, शाळेतली औषधं, खडीसाखर, असं सगळं एकत्र होऊन काचेवर गेलं. आधी चहासारखं झालं, मग काळं. ज्या ताटात काच ठेवली होती ते हे हळूहळू झुलवत होते. आत्याबाई पायरीवर बसल्या होत्या, दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून. "मी हात लावत न्हाई बाबा," म्हणाल्या. "आलं का?"

"येतंय."

"आलं का?"

"आलं आई," हे म्हणाले. काळं पाणी ओतून दिलं, वरनं धुतलं, आणि आरसा झाला होता.

दोनच दिवसांनी आम्ही निघालो. सात रस्ता चौकातनं एक छकडा ठरवला. गाडीवान नळीभोवती फिरून फिरून बघत होता. "मास्तर, तोफ हाय का काय ही?" म्हणाला. मी म्हटलं, "व्हय, आणि पहिला गोळा बैलांवर टाकणार हाय, नीट चालीव." आत्याबाई नळीला धरून बसल्या होत्या, लग्नाला निघालेल्या करवलीच्या थाटात. अक्कलकोट रस्त्यानं गाव मागं पडलं. मग माळ लागला. कुसळाचं गवत, दगड, मधेच एखादी बाभळ, आणि चहूकडं आभाळ. पाऊस असा कमीच पडतो आमच्याकडं. शेतकरी वर बघून रडतो, आणि आमचे हे मात्र वर बघून खूश. मी तसं म्हटलंही. हे हसले, पण हसू ओठांपर्यंतच होतं. ते घाबरले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं घाबरलेलं बघितलं नव्हतं.

दिवस बुडाला. घोडा ठोकला, नळी चढवली, आणि एकेक करत तारे निघाले. तो चौकोन मी आधी ओळखला, आणि मला फुशारकी वाटली. दोन दगडांवर पाट ठेवून त्यावर आत्याबाईंना उभं केलं. मी त्यांची कंबर धरली. हे नळी वळवत होते.

आत्याबाईंनी डावा डोळा नळीवर बघायला बसवलेल्या बारक्या भिंगाला लावला आणि लगेच म्हणाल्या, "हो हो, दिसलं. छान हाय."

हे थांबले. पण माझ्या जिभेला हाड नाही. "आत्याबाई," मी म्हटलं, "अजून झाकण काढायचंय."

कुणी हसायचं की काय करायचं, कळेना. शेवटी आत्याबाईच हसल्या. हसल्या आणि मग रडल्या, दोन्ही एकदमच. हे त्यांचा खाली उतरलेला पदर डोक्यावर नीट करत म्हणाले, "आई, माझी शपथ आहे तुला. ह्या वेळी दिसलं नाही तर नाही म्हण. मला राग येणार नाही. पण खरं सांग."

"बरं," त्या म्हणाल्या. "खरं सांगीन."

झाकण निघालं. ह्यांनी स्वतः बघून ढग मधोमध आणला, आणि नळी धरून बाजूला झाले. आत्याबाईंनी डोळा लावला. माझ्या हाताखाली त्यांचा श्वास लागत होता.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "न्हाई दिसत रं."

किती महिन्यांनी त्या तोंडातनं 'न्हाई' आलं होतं! ह्यांनी मान खाली घातली, पण आवाज तसाच ठेवला. "सरळ त्याच्याकडं बघू नकोस. पुसट वस्तू सरळ बघितली की दिसत नाही. जरा बाजूला बघ, आणि लक्ष त्याच्याकडं ठेव. तिरकं. जमेल का?"

"न जमाय काय झालं?" आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्या वडलांकडं कधी सरळ बघितलं होतं व्हय आम्ही? चारचौघांत माजघराच्या दारातनं असंच बघायचो."

मी वर त्यांच्या तोंडाकडं बघत होते, अंधारात काही कळत नव्हतं. बैल रवंथ करत होते, तेवढाच आवाज.

"हाय," त्या म्हणाल्या. "काय तरी हाय. पांढुरकं. भाकरी उचलल्यावर तव्यावर पीठ ऱ्हातं तसं. मधी दाट, कडंला इरलेलं."

मी ह्यांच्याकडं बघितलं, आणि मला कळलं की ह्यांनाही तेच वाटतंय. मधे दाट आणि कडेला विरलेलं, हे तर ह्यांनीच त्यांना घरी शंभर वेळा सांगितलं होतं. शपथ घातली म्हणून काय झालं? लेकासाठी शपथ मोडणारी बाई ती. 'दिसलं' म्हणाली तरी ते खरं कसं धरायचं, हे आता ह्यांना कधीच कळणार नव्हतं. "छान," हे म्हणाले. "छान दिसतंय ना आई." आणि त्यांचा आवाज असा पडला की मला ह्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, तिथंच, गाडीवानासमोर.

"आणि हे बारकं काय हाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"काय?"

"हे गं बाई, शेजारचं. मोठ्याच्या पदराशी हाय बघ, गोल, बारकं. हे तू सांगितलं न्हाईस मला. ह्याला लेकरू हाय का काय रं?"

मला काहीच माहीत नव्हतं. मी ह्यांना विचारलं, "आहे का हो तसं काही?" ह्यांनी मान हलवली. आहे. मोठ्या ढगाशेजारी खरंच एक लहान ढग आहे, आणि तो ह्यांनी कधीच कुणाला सांगितला नव्हता, मला नाही, शाळेत नाही, आईला तर नाहीच. हे नळी धरून उभे होते, आणि मोठ्यानं रडायला लागले. नळी थरथरा हलायला लागली.

"आरं, हलवू नगंस की," आत्याबाई डोळा न काढता म्हणाल्या. "मी बघतीया अजून."